नवे बोअर टाकले की थर वाकतात : नाशिकच्या थ्रीडी भूस्तर मॉडेलमधली नेहमीची कटकट

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी स्क्रीनशॉट येतो. खाली मजकूर ठरलेला: ‘कालपर्यंत मॉडेल मस्त होतं, आज सहा बोअर वाढवले आणि वाट लागली.’ चित्रही ठरलेलं असतं. दुरडीत रचलेल्या भाकरींसारखे एकावर एक आडवे दिसायला हवेत ते बेसाल्टचे थर एका बोअरपाशी विहिरीत पडल्यासारखे खाली जातात, शेजारच्या बोअरपाशी टेकाड होऊन वर येतात. दोन-चार बोअरची तोंडं हवेत लटकलेली. कुठेतरी सर्वांत खालचा थर वरच्या तिघांना फाडून थेट जमिनीवर आलेला. आणि मग प्रश्न: ‘गेमपायचं जुनं व्हर्जन टाकून बघू का?’ (गेमपाय म्हणजे बोअरसारख्या नोंदींवरून जमिनीखालच्या थरांचं थ्रीडी मॉडेल काढणारं सॉफ्टवेअर.)

नका टाकू. हा घोळ मी गेमपायच्या दोन व्हर्जनांत आणि एका महागड्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये करून झालोय. तिन्हीकडे निकाल सारखाच वाईट होता. दोष आपण दिलेल्या आकड्यांत असतो, आणि बहुतेक वेळा उभ्या आकड्यात. एक्स-वाय, म्हणजे नकाशावरची जागा, थोडी चुकली तर आपल्याकडे फारसं बिघडत नाही (कड्यांचा अपवाद, तो पुढे येईलच), झेड, म्हणजे उंची, चुकली की संपलं.

कारण साधं आहे. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला तो जवळजवळ आडवा, आणि आजही तसाच आहे. इथल्या थरांचा उतार एका अंशाहून कमी, ढोबळमानाने दक्षिण-आग्नेयेकडे. हिशेबाला अर्धा अंश धरू. म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ मीटर. नाशिक ते सिन्नर सरळ रेषेत सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, तेवढ्यात थर उतरला तर सव्वादोनशे मीटरांच्या आसपास. आता एखाद्या बोअरची उंची ६० मीटरांनी चुकली, तर ती चूक सात किलोमीटरच्या खऱ्या उताराएवढी झाली. हिमालयात वळ्या पडलेल्या खडकात अशी चूक खपून जाईल. आपल्याकडे ती डोंगर होऊन उभी राहते.

शून्य कुठलं धरलंय?

६० हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. दहातल्या सात मॉडेलांत हाच रोग निघतो, म्हणून यावर जरा थांबतो.

उंची मोजायची दोन शून्यं आहेत. एक समुद्रसपाटी, शास्त्रीय भाषेत जिऑइड. दुसरं डब्ल्यूजीएस-८४ चा गुळगुळीत लंबगोल, म्हणजे एलिप्सॉइड. जीपीएस मुळात दुसऱ्यावरून मोजतो. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग या लंबगोलाच्या बराच खाली आहे, आणि नाशिकच्या पट्ट्यात हा फरक साठेक मीटरचा भरतो. त्यामुळे समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवरची जागा लंबगोलावरून मोजली की ५३० च्या आसपास दिसते. दोन्ही आकडे बरोबर, फक्त एका कोष्टकात एकत्र नांदू शकत नाहीत.

आता आपण डेटा कसा जमवतो ते बघा. एसआरटीएम हा जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, म्हणजे डेम. त्यातली उंची ईजीएम-९६ जिऑइडवरची, म्हणजे समुद्रसपाटीवरची. कोपर्निकस या युरोपीय डेमची ईजीएम-२००८ वरची, या दोघांतला फरक आपल्या कामाला किरकोळ. पण इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उतरवलेला कार्टोडेम लंबगोलावरचा असतो. शंका असेल तर त्याचा कोकण किनाऱ्याचा तुकडा उघडा, समुद्राकाठी उणे आकडे दिसतील. टोपोशीटवरचे, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशांवरचे, स्पॉट हाइट समुद्रसपाटीवरचे. मोबाइलमधलं ॲप काय दाखवेल ते ॲपच्या मर्जीवर, काही दुरुस्ती करून दाखवतात, काही कच्चा आकडा देतात. या वेगवेगळ्या ठिकाणच्या उंच्यांचे बोअर एका एक्सेलमध्ये आले, झेड नावाच्या एकाच रकान्यात बसले, आणि आपण म्हणतो थर वाकले.

लक्षणावरून निदान होतं. जमीन एसआरटीएमची आणि बोअरची तोंडं साठ मीटर जमिनीखाली गाडलेली असतील, तर बोअरच्या उंच्या कच्च्या जीपीएसच्या आहेत. जमीन कार्टोडेमची आणि बोअर हवेत तरंगत असतील, तर उलट. आणि फरक १२० च्या घरात असेल तर तुम्ही दुरुस्ती केलीत, पण चिन्ह चुकवलंत. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो, मीही पडलो. सूत्र सांगतं की लंबगोलावरच्या उंचीतून जिऑइडचा आकडा वजा करा. तो आकडा आपल्याकडे उणे आहे, उणे वजा करायचा म्हणजे मिळवायचा. ५३० मध्ये ६० मिळवून ५९०. घाईत ६० वजा झाले की ४७०, आणि मग बोअर कुठल्या पाताळात गेला ते शोधत बसा.

पडताळायला फार यंत्रं लागत नाहीत. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नाशिकरोडची पाटी वाचा, तुमच्या डेममध्ये त्याच बिंदूवर काय येतंय ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. पाच-दहा मीटरचा फरक चालेल, पन्नास-साठचा आला तर उत्तर मिळालं. इगतपुरी आणि मनमाडच्या पाट्या घेतल्या की पूर्व-पश्चिम दोन्ही टोकं तपासून होतात.

आता माझा नियम, थोडा हट्टी वाटेल. कुणी बोअरची उंची दिली तरी मी ती वापरत नाही. फक्त जागा घेतो आणि सगळ्या बोअरच्या तोंडांची उंची एकाच डेममधून काढतो. त्यात काही मीटरची चूक राहते, पण सगळ्यांचं शून्य एकच राहतं.

एक नाशिकचीच खास गंमत: २० अंश उत्तर अक्षवृत्त जवळजवळ शहरातून जातं. एसआरटीएमच्या टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, एकेका अंशाच्या, म्हणून पंचवटी वरच्या टाइलमध्ये आणि नाशिकरोड खालच्या. टोपोशीटचंही तेच, वरचं ४६ एच, खालचं ४७ ई. एकच टाइल जोडून उंच्या काढल्या तर निम्म्या बोअरचे रकाने रिकामे येतात, आणि पुढे कुठल्यातरी पायरीवर त्या रिकाम्याचं शून्य होतं. दिंडोरीकडचे सगळे बोअर समुद्रसपाटीवर! आधी दोन्ही टाइल जोडून एकच नकाशा, म्हणजे व्हर्च्युअल रास्टर, करा. आणि एक्सेलमध्ये झेडचा रकाना चढत्या क्रमाने लावून पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, मी त्यासाठी एकदा आठवडा घालवलाय.

आडव्या चुका, थोडक्यात

अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीत नाशिक ४३ उत्तर पट्ट्यात येतं. ईस्टिंग पावणेचार लाखांच्या आसपास, नॉर्दिंग बावीस लाखांच्या थोडं पुढे. यापेक्षा फार वेगळं दिसलं तर पट्टा चुकलाय किंवा अंश तसेच राहिलेत. जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावरची आहेत, ती थेट डब्ल्यूजीएसवर बसवली की सगळं शंभरेक मीटर सरकतं. निफाडच्या सपाटीवर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. अंजनेरीच्या कड्यावर शंभर मीटर सरकणं म्हणजे थराची सीमा कड्याच्या माथ्यावरून पायथ्याला जाणं. त्यातच ३० मीटरचा डेम उभा कडा उतारासारखा गुळगुळीत करून टाकतो. म्हणून कड्यातली सीमा कड्यावर टिपू नका, तिच्या पातळीवरच्या रुंद पायरीवर, जरा आत टिपा.

बोअरच्या वहीत नेमकं काय लिहिलंय

सिन्नर तालुक्यातल्या एका मळ्यावर बोअर चालू असताना उभा होतो. मळेवाल्या काकांनी आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलेलं. ते निघालं त्यांच्या घराचं, बोअर ओढ्यापलीकडे साडेतीनशे पावलं दूर. ‘लोकेशन पाठवलं होतं ना सर,’ काका म्हणाले. पाठवलं होतंच, घरी चहा पिताना. हे मॉडेलमधल्या किती बोअरच्या बाबतीत झालं असेल याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

गाडीवरचा पोरगा वही लिहीत होता: ‘मुरूम ४०, काळा पाषाण १००, गेरू १२०, मांजऱ्या १६०, पाणी १८०.’ फुटांत, अर्थातच. गेरू म्हणजे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधला लाल थर, मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा बेसाल्ट. मॉडेलमध्ये भरताना कुणीतरी हेच आकडे मीटर समजून भरतं, तो एक वेगळाच तमाशा. पण त्याहून मोठी गोष्ट मला उभं राहून कळली. करड्या धुळीचा लोट चालू होता, एकाएकी तो विटकरी झाला, काकांच्या पांढऱ्या बनियनवर लाल शिंतोडे. पोराने वर पाहिलं आणि लगेच काही लिहिलं नाही. तो रॉड पूर्ण खाली गेला, दुसरा जोडायला थांबले, तेव्हा त्याने लिहिलं: १२०. या गाडीचा रॉड २० फुटांचा. म्हणजे गेरू लागला १०४ फुटांना की ११८ ला, वहीत तो १२० च होणार.

तेव्हापासून वही हातात आली की आधी आकडे २० ने भागून बघतो. सगळ्यांना भाग गेला की ती खोली मोजलेली नाही, रॉड मोजलेत, आणि प्रत्येक आकड्यात सहा मीटरपर्यंतची चूक गृहीत धरायची. गेमपायला हे सांगता येतं. प्रत्येक सरफेस पॉइंटला, म्हणजे थराच्या सीमेवरच्या नोंदीला, नगेट नावाची किंमत असते, ती वाढवली की पृष्ठभाग त्या बिंदूतून नेमका जायचा हट्ट सोडतो, जवळून जातो. बोअरभोवती गोल गोल खळगे पडतात ते बरेचदा निव्वळ या हट्टामुळे.

दुसरा घोळ नावांचा. एका बोअरमध्ये गेरू १२० फुटांवर, दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्यात १८० वर. रेषा जोडली, झाला थर. हा मोह आवरा. इथला खालचा बेसाल्ट बराचसा संयुक्त प्रवाहांचा आहे, लाव्ह्याच्या लहान-मोठ्या जिभा एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्यामधला लाल थर कुठे जाड, कुठे पातळ, कुठे गायब. दोन बोअरमधला गेरू वेगवेगळ्या जिभांचा असू शकतो. प्रादेशिक मॉडेलमध्ये प्रत्येक गेरूची सीमा घालायची गरजच नाही. शैलसमूहांच्या, म्हणजे एकत्र ओळखल्या जाणाऱ्या अनेक प्रवाहांच्या गटांच्या, सीमा घाला आणि गेरू नुसता खूण म्हणून बाजूच्या रकान्यात ठेवा.

शैलसमूहांची नावं घेतानाही एक सापळा आहे. अभ्यासकांच्या रासायनिक वर्गवारीत खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर असा कळसूबाई उपगट येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांवर साल्हेर, रतनगड अशी नावं. दोन्ही वर्गवाऱ्या एकास एक जुळत नाहीत. एका बोअरला ‘इगतपुरी’ आणि शेजारच्याला ‘साल्हेर’ लिहून एका स्तंभात भरलं की सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळे थर मानून एकावर एक रचायला जातं. एकच वर्गवारी निवडा, कोणतीही.

सीमा ओळखायला सर्वांत भरवशाची खूण जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्टची. काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून लांब पांढरट स्फटिक, चिक्कीत खोबऱ्याचे काप बसवल्यासारखे. उपगटातल्या शैलसमूहांच्या सीमांवर हे थर सापडतात. बोअरच्या चुऱ्यात ते ओळखणं अवघड, डोंगराच्या उघड्या अंगावर सोपं. म्हणून माझ्या मॉडेलात शंभर बोअरपेक्षा दहा डोंगरांच्या नोंदींना जास्त वजन असतं.

कंपास खिशात ठेवा

थरांची दिशा द्यायला गेमपायला प्रत्येक मालिकेत, म्हणजे एकत्र काढल्या जाणाऱ्या थरांच्या गटात, निदान एक ओरिएंटेशन लागतं: किती अंश उतार आणि कुठल्या दिशेला. मग लोक कंपास घेऊन खाणीत जातात, गेरूच्या पट्ट्यावर टेकवतात आणि लिहितात: ५ अंश, पश्चिमेकडे. तो पट्टा त्या जागी खरंच ५ अंश कललेला असतो, कारण खालची लाव्ह्याची जीभ तिथे फुगलेली असते. पण ते त्या जिभेचं पोट आहे, प्रदेशाचा उतार नाही. मॉडेलला मात्र ते कळत नाही. ५ अंश म्हणजे किलोमीटरला साडेसत्त्याऐंशी मीटर, खऱ्या उताराच्या दहापट, आणि त्या एका नोंदीचा प्रभाव कित्येक किलोमीटर पसरतो.

उतार तीन बिंदूंवरून काढा. एकच सीमा खात्रीने ओळखलेल्या तीन जागा घ्या, एकमेकींपासून निदान आठ-दहा किलोमीटर दूर, आणि एका रेषेत नकोत. समजा पहिली ६४० मीटरवर, तिच्या पूर्वेला १० किलोमीटरवर दुसरीही ६४० वर, आणि दक्षिणेला १० किलोमीटरवर तिसरी ५५३ वर. ८७ मीटर उतरली दहा किलोमीटरांत: अर्धा अंश, दक्षिणेकडे. हीच ओरिएंटेशन मध्यभागी एकदा टाका आणि खाणीतल्या सगळ्या काढून टाका. निम्म्या लोकांचं मॉडेल एवढ्यावर सरळ होतं.

याच्याच जोडीचा प्रश्न उंची ताणण्याचा. ४० किलोमीटर लांब-रुंद आणि फक्त १ किलोमीटर उंच खोका गणिताला आवडत नाही, म्हणून झेडला २० ने गुणून मॉडेल चालवायची पद्धत चांगली आहे. पण मग ओरिएंटेशनही ताणावी लागते, आणि ती अंशाला २० ने गुणून नाही, स्पर्शकाला म्हणजे टॅनला गुणून. अर्ध्या अंशाचे जवळपास १० अंश होतात, इथे दोन्ही पद्धतींत फरक कळत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. खाणीतल्या ५ अंशांचे मात्र ६० होतात. सरळ गुणणारा तिथे १०० अंश लिहितो आणि थर उलटा पडतो.

थर खरोखर एकमेकांना छेदत असतील तर

वरचं सगळं वाकण्याबद्दल झालं. छेदण्याचं कारण बहुधा वेगळं असतं. गेमपायमध्ये एका मालिकेतले सगळे पृष्ठभाग एकाच स्केलर फील्डच्या (प्रत्येक बिंदूला एक आकडा देणाऱ्या गणिताच्या) समान आकड्यांच्या पातळ्या असतात, ते एकमेकांना छेदूच शकत नाहीत. तरी छेदतायत म्हणजे तुम्ही प्रत्येक थराला स्वतंत्र मालिका दिलीय, किंवा प्रत्येक पृष्ठभाग क्यूजीआयएसमध्ये वेगळा काढून आणलाय. सगळा बेसाल्ट एका मालिकेत घाला. मालिका दोन असतील तर क्रम तपासा, तरुण वर, जुनी खाली. क्रम उलटला की खालचा थर वरच्याला खाऊन टाकतो.

डाइकला मात्र वेगळी मालिका हवी, ती थरांना चिरत उभी घुसलेली लाव्ह्याची भिंत आहे. बागलाण-धुळ्याकडे सरकाल तसे ते दाटीने येतात. बेसाल्टच्याच मालिकेत एक जरी डाइक राहिला तरी सगळे थर त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात.

गेरूचा पातळ थर ‘गायब’ झाला अशी तक्रार असेल तर भागाकार करा. ४० किलोमीटरचे ५० भाग म्हणजे ८०० मीटरचा चौकोन, १ किलोमीटर उंचीचे ५० भाग म्हणजे २० मीटर. तीन मीटरचा थर २० मीटरच्या ठोकळ्यात दिसणार कसा? तिन्ही बाजूंनी भाग दुप्पट केले तर ठोकळे आठपट, सव्वा लाखाचे दहा लाख, आणि लॅपटॉपचा पंखा शेजारघरी ऐकू जाईल.

आणि खोक्याचा तळ. तिथे बेसाल्ट कुठे संपतो ते आपले शे-दीडशे मीटरचे बोअर सांगत नाहीत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या खोल बोअरमध्ये ३३८ मीटरांवर बेसाल्ट संपला, कोयनेच्या एका बोअरमध्ये ९३३ वर. इतका फरक असताना नाशिकच्या खाली ठरावीक आकडा घालून सुंदर तळ काढायचा म्हणजे चित्रकला झाली. मी मॉडेल सर्वांत खोल नोंदीच्या थोडं खाली कापतो.

एवढं करून नवे बोअर टाकायचे ते एकेक. बोअर टाकायच्या आधी मॉडेलला विचारा, इथे सीमा किती खोल? आकडा लिहून ठेवा, वहीशी ताडा, मगच बोअर आत घ्या. दहा मीटरच्या आत फरक असेल तर मी घेतो. जास्त असेल तर बोअरचं नाव लाल करून बाहेर ठेवतो आणि वरच्या यादीतून एकेक कारण तपासतो. सध्या माझ्याकडे तीन लाल आहेत. दोघांच्या जागा चुकल्यात असा संशय आहे. तिसरा त्या काकांचाच. ओढ्यापलीकडची खरी जागा घेतली, रॉडची चूक धरली, तरी २५ मीटरचा फरक जात नाही. गेरूच्या पट्ट्यांत घोळ असेल, किंवा मधे डाइक असेल. काकांना फोन केलाय, ओढ्याच्या काठाने चालत जाऊन बघायचंय.